तीन दहा

कपाटावर, कापराच्या आणि जुन्या पावत्यांच्या डब्याशेजारी
निनादने एक पांढरी चकती चिकटवून दिली,
पुरीच्या लाटीएवढी.
"हिला हात लावायचा नाही, आई.
तीही बाबांना हात लावत नाही. नुसत्या लहरी.
छाती केसाएवढी हलते ना, तेवढ्यावरून ठोके मोजते."
मग त्याने हैदराबादची गाडी पकडली.
चकती राहिली.

पहिल्या रात्री हे टोपी घालून झोपले.
फोटोबिटो काढत असेल तर?
प्रतापनगरच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
एकेका बोल्टाची नोंद ठेवली.
आता ह्यांचीच नोंद होते,
अकरा ते सहा, माझ्या मोबाइलवर, हिरव्या रेघेत.

सकाळी चहाला आधण ठेवते आणि रेघ बघते.
अठ्ठावन्न. सत्तावन्न. साठ.
उन्हाळ्यातली विश्वामित्री, वाहतेय की नाही कळू नये अशी.
आणि तीन दहाला
मगर नाकपुड्यांपुरती वर यावी
तसे शहात्तर.
पाच मिनिटांनी पाणी पुन्हा सपाट.
सोमवारी. मंगळवारी. गुरुवारी तीन बावीसला.

डॉक्टर त्रिवेदींनी दोन बोटांनी रेघ मोठी केली.
"काका, रात्रे ऊठो छो?"
"ना रे."
"स्वप्नं पडतात?"
"पडत असतील. मला सांगून पडत नाहीत."
मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं,
मला काय ठाऊक, मी गाढ झोपलेली असते.

खोटं बोलले.

फेब्रुवारीत दांडिया बाजारात, सेव-उसळीच्या गाडीसमोर
ह्यांनी छाती धरली, तेव्हापासून
तीन दहाला मला जाग येते. गजर लागत नाही.
चपला घालत नाही.
बांगड्या कोपराकडे सारते,
ह्यांच्या पलंगाशी वाकते
आणि नाकाखाली बोटं आडवी धरते,
टेकवत नाही.
चकती आल्यावरही. लहरींवर विश्वास नाही असं नाही,
पण हाताची सवय.
श्वास येतो, कोमट. जातो.
परत येईपर्यंत मी तशीच.

सव्वीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजला होते.
कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ.
कुठली लाइन मेलेली
आणि कुठल्या लाइनवर कुणी
रिसीव्हर धरून गप्प उभं आहे,
मला आवाजाशिवाय कळायचं.
जिवंत लाइनची शांतता जाड असते.
सुरतेचे, मुंबईचे, नैरोबीचे लोक गप्प राहिलेले मी ओळखले,

आणि इथे, हातभर अंतरावर, सात महिने
मला कळलं नाही.

कळलं ते परतताना, रिक्षात, रेसकोर्सच्या सिग्नलला.
हे खिशातली चिल्लर मोजत होते,
माझ्याकडे न बघता.
म्हणजे रोज जागे असतात.
माझा पलंग करकरला की डोळे मिटून घेतात,
श्वास लांबवतात, संथ सोडतात,
म्हातारीची खात्री पटून
ती लवकर जाऊन झोपावी म्हणून.
श्वासाला सोंग जमलं.
ठोक्यांना नाही जमत. शहात्तर.

काल रात्री गेले. वाकले.
बोटांवर तो शिकवलेला श्वास आला, एकसारखा, हिशोबी.
हात तसाच ठेवला,
आणि कानाशी, ड्यूटीवरच्या आवाजात म्हटलं,
"तीन मिनिटं झाली. वाढवू?"

बराच वेळ पंखाच.

मग, डोळे न उघडता,
"वाढवा."

आज सकाळी आठलाच निनादचा फोन.
तीनच्या पुढे रेघच नाही, आई,
एकापेक्षा जास्त माणसं दिसतायत म्हणून अडलीये ती.
चकती हलवलीस का? कुणी हात लावला का?

नाही रे, म्हटलं,
चकतीला नाही.